राब, उकिरडा आणि आंबवलेले खत

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर तळेगाव दाभाड्यानजीक जो पथकर नाका आहे, त्याच्यामुळे उर्से हे नाव आज असंख्य प्रवाशांच्या परिचयाचे झाले आहे. परंतु नाक्यापाशी गाडीची गती मंदावते तेवढ्या अवधीत, या नावाचे एक गाव पवनेच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवीत आले आहे आणि त्याच्या शिवाराला कारखान्यांच्या भिंती भिडल्या असल्या तरी उरलेल्या खाचरांत अद्याप आवणी होते, हे फारच थोड्यांच्या ध्यानी येत असेल. मावळचे भात म्हणजे पूर्वी आंबेमोहर आणि आता मुख्यत्वे इंद्रायणी. आंबेमोहर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात सिद्ध झालेले हे इंद्रायणी वाण १९८७ साली प्रसृत झाले, आणि त्याच्या सुवासाने पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरांत मावळला एक मानाचे स्थान मिळवून दिले. या तांदळाबरोबर मावळच्या मातीतील नत्र, स्फुरद आणि पालाशही दरवर्षी घाटाखाली आणि घाटावर शहरांकडे रवाना होतात. त्या बदल्यात मातीकडे काय परत येते, आणि जे येते ते कोणत्या स्थितीत येते, याचा विचार करण्यासाठी उर्से आणि त्याच्या आसपासचा मुलूख यासारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. कारण मातीला द्रव्य परत देण्याच्या जुन्या, नव्या, बऱ्या आणि वाईट अशा सर्व रीती येथे एकमेकींच्या शेजारी नांदत आहेत.

यांतील सर्वांत जुनी रीत राबाची. महसुलाच्या दप्तरात ‘वरकस’ म्हणून जी जमीन नोंदलेली असते, ती डोंगरउतारावरची, हलक्या मुरमाची, नाचणी-वरईखेरीज फारसे काही न देणारी जमीन. तिचा खरा उपयोग भातखाचराची दासी म्हणून होता. वरकसावरचे गवत, झाडांची छाटलेली कवळे, गोठ्यातील शेण आणि रानातील पातेरा हे सर्व उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर थराथराने पसरायचे, वरून माती भुरभुरायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन ते पेटवून द्यायचे, ही राब भाजण्याची पद्धत कोकणात आणि मावळात इतकी रुजलेली होती की, १८८५ साली मुंबई इलाख्यात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या जंगलांविषयी सरकारने आयोग नेमला तेव्हा राबासाठी झाडे छाटण्याचा रयतेचा हक्क हा त्यापुढचा एक प्रमुख वादविषय होऊन बसला. भारतीय शेतीच्या पाहणीसाठी विलायतेहून आलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनीही आपल्या १८९३ च्या अहवालात राबाची दखल घेतली आहे.

राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला अडाणी ठरविणे सोपे आहे, आणि ते अन्यायाचेही आहे. भाजणीच्या उष्णतेने तणाचे बी जळते, चिवट माती भुसभुशीत होते, कीड काही अंशी मरते आणि राखेतील पालाश व स्फुरद रोपाला तत्काळ लाभतात. म्हणूनच राबावरचे रोप हिरवेगार आणि जोमदार उठते, आणि ज्याने ते डोळ्यांनी पाहिले आहे त्याला केवळ उपदेशाने त्या रीतीपासून परावृत्त करता येत नाही. तथापि या व्यवहाराचा हिशेब एकदा पुरता मांडला पाहिजे. एक हेक्टर लागणीला साधारण दहा गुंठे रोपवाटिका लागते. म्हणजे सबंध वरकसाचे आणि गोठ्याचे सेंद्रिय द्रव्य शेताच्या दहाव्या हिश्श्यावर आणून ओतले जाते, तेथेही त्यातील कर्ब आणि बहुतेक नत्र धुराबरोबर आकाशात जातो, आणि उरलेल्या नऊ हिश्श्यांच्या वाट्याला काहीच येत नाही. मातीला कणाकणाने बांधून ठेवणारा, पाणी धरून ठेवणारा आणि सूक्ष्मजीवांना पोसणारा जो काळा ह्यूमस, तो राखेतून निर्माण होत नसतो. लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरीने चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि पूर्वेकडे येताना तो झपाट्याने कमी होत गेला तरी मावळच्या उतारांवरील मातीची धूप करण्यास तो पुरून उरतो. अशा मुलुखात ह्यूमस नसलेली माती म्हणजे दरवर्षी थोडीथोडी नदीत जाणारी माती होय.

राबाच्या नंतर येतो उकिरडा. घरामागे किंवा गोठ्याच्या बाजूस शेण, केर, चुलीतील राख, उष्टे-खरकटे आणि जनावरांनी टाकलेली वैरण यांचा जो उघडा ढीग पडलेला असतो, तो पाहून पुष्कळांना वाटते की येथे खत ‘होत’ आहे. देशावरच्या कोरड्या हवेत ते अंशतः खरे असेलही. मावळात मात्र चार महिने मुसळधार पाऊस त्या ढिगातून झिरपत राहतो, विरघळणारे सर्व पोषक द्रव्य ओढ्याला नेऊन देतो, आणि दिवाळीनंतर गाडीत भरला जातो तो केवळ चोथा. शिवाय जनावर जो नत्र बाहेर टाकते त्यातील जवळजवळ निम्मा मूत्रात असतो, आणि आपल्या गोठ्यांत तो जमिनीत मुरून किंवा अमोनिया होऊन हवेत उडून जातो.

या गोष्टीकडे अत्यंत बारकाईने पाहिले ते सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत काम करीत असताना त्यांनी आपले रसायनशास्त्रज्ञ सहकारी यशवंत वाड यांच्यासह शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची जी पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने बसविली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली जाते, आणि १९३१ साली दोघांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ती सविस्तर वर्णिलेली आहे. हॉवर्डचे नाव सेंद्रिय शेतीच्या इतिहासात सर्वत्र घेतले जाते. वाड यांचे नाव मात्र आपल्याकडेही कोणास फारसे ठाऊक नसावे, याची मला नेहमी खंत वाटते. गोठ्याच्या जमिनीवर माती पसरून ती मूत्राने भिजू द्यावी आणि तीच माती शेण, राख व काडीकचरा यांच्या थरांत मिसळावी, ढीग ठराविक मुदतीने उलथावा आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार करावे, असा तिचा इत्यर्थ. तीत परकीय असे काही नव्हते. चिनी शेतकऱ्यांचा शतकांचा अनुभव आणि आपल्या गोठ्यातले साहित्य यांना त्यांनी प्रमाणाची आणि वेळापत्रकाची शिस्त लावली, इतकेच.

हे प्रमाण का महत्त्वाचे, ते समजून घेण्यासारखे आहे. कुजविण्याचे काम करणाऱ्या सूक्ष्मजीवांना स्वतःची शरीरे घडविण्यासाठी कर्ब आणि नत्र दोन्ही लागतात, आणि एका भाग नत्रास पंचवीस ते तीस भाग कर्ब असे मिश्रण त्यांना मानवते. भाताच्या पेंढ्यात हेच प्रमाण एकास साठ किंवा त्याहूनही अधिक असते. म्हणून कच्चा पेंढा शेतात गाडला म्हणजे हे जीव आपली नत्राची उणीव मातीतून भरून काढतात आणि उभे पीक पिवळे पडू लागते. पेंढ्यात शेण, मूत्र किंवा हिरवा पाला मिसळला की हा असमतोल नाहीसा होतो. ढीग आतून साठ अंशांपर्यंत तापतो, तणाचे बी आणि रोगाचे जंतू त्या उष्णतेने मरतात, आणि पुढे तो थंडावून मातीच्या वासाचा होतो. राबाच्या आगीने साधणारे तणनाशाचे काम ही मंद आतली आग तितक्याच चांगल्या रीतीने करते, आणि कर्बाचा मोठा हिस्सा शिल्लकही ठेवते.

इंदूर पद्धतीची अडचण एकच होती, आणि ती लहान नव्हती: ढीग वारंवार उलथण्याला मनुष्यबळ लागते आणि शेणही भरपूर लागते. या अडचणीवर यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे गांधीवादी शेतकरी नारायण देवराव पांढरीपांडे यांनी आयुष्यभर चिंतन आणि प्रयोग करून तोड काढली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून जी पद्धत देशभर रूढ झाली, तिचे साधन म्हणजे दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे विटांचे टाके, ज्याच्या चारही भिंतींत हवा खेळण्यासाठी ठिकठिकाणी भोके सोडलेली असतात. तळाला सहा इंच काडीकचरा, त्यावर चार किलो शेण सव्वाशे ते दीडशे लिटर पाण्यात कालवून केलेला सडा, त्यावर पन्नास-साठ किलो चाळलेली कोरडी माती, असे थर टाक्याच्या काठावर दीड फूट येईपर्यंत रचावयाचे आणि वरून माती व शेणाने लिंपून घ्यावयाचे. पंधरा-वीस दिवसांत ढीग खचतो. मग पुन्हा त्याच क्रमाने भरून लिंपावयाचे, आणि तीन ते चार महिन्यांनी सुमारे तीन टन खत काढावयाचे. एका टाक्याला दीड हजार किलोच्या आसपास काडीकचरा आणि पावणेदोन हजार किलो माती लागते, परंतु शेण अवघे नव्वद ते शंभर किलो! उर्से आणि आसपासच्या परंदवडी, बेबडओहोळ, सोमाटणे या गावांतून जसजशी बैलांची जागा ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर घेत गेले तसतसे शेण दुर्मिळ होत गेले आहे. अशा ठिकाणी मूठभर शेणावर गाडाभर कचरा कुजविणारी ही युक्ती विदर्भापेक्षाही मावळला अधिक उपयोगी पडावी, असे माझे मत आहे. मात्र टाके पावसाळ्यात भरण्यात अर्थ नाही. भाताची झोडणी आटोपल्यावर मार्गशीर्षात ते भरले तर वैशाखात, म्हणजे नांगरटीच्या ऐन तोंडावर, खत हाती येते.

आतापर्यंत वर्णिलेल्या रीती हवेच्या साहाय्याने कुजविण्याच्या होत. हवा बंद करून आंबविण्याची दुसरी शाखा आपल्याकडे तितकीच जुनी असून तिचा शास्त्रीय अभ्यासही येथेच झाला. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास शहराचा केर आणि मैला खड्ड्यांत थराथराने भरून, वरून चिखलाने लिंपून, सहा महिन्यांच्या आत दुर्गंधीरहित खत करण्याची रीत बसविली. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेच्या काळात नगरपालिकांनी तिचाच अंगीकार केला. पुण्याच्या शेतकऱ्यांस हे नवे नव्हते. मुठेच्या कालव्यांवर ऊस होऊ लागला तेव्हापासून शहराच्या सोनखताला तेथे गिऱ्हाईक होते. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी याच विषयाला सामाजिक क्रांतीचे रूप दिले: मैल्याचे खत आणि गॅस यांचे प्रयोग स्वतःच्या हातांनी करून, हे काम एका जातीच्या माथी मारण्याची रूढी त्यांनी मुळापासून नाकारली. खतशास्त्रात त्यांच्याइतका धर्मविचार कोणी आणला नाही, आणि त्यांच्यापुढे माझे मस्तक आपोआप नमते. गोबरगॅसच्या टाकीत शेण चाळीस-पन्नास दिवस हवेवाचून आंबते, त्यातील कर्बाचा काही भाग मिथेन होऊन चुलीला जातो आणि नत्र मात्र जवळजवळ सबंध रबडीत राहतो. त्यामुळे ही रबडी उकिरड्यातील खताहून सरस ठरते, परंतु ती उन्हात वाळवीत ठेवली तर तिच्यातील अमोनिया उडून जातो, म्हणून ती पाण्याबरोबर वाफ्यात सोडणे किंवा कचऱ्याच्या ढिगावर ओतणे इष्ट.

अलीकडे ‘बोकाशी’ नावाची जपानी पद्धत शहरी घरांतून आणि काही शेतांवरही दिसू लागली आहे. जपानी शेतकरी भाताचा कोंडा, पेंड, मासळीचा चुरा आणि माती आंबवून खत करीत आले होते. १९८० नंतर ओकिनावाच्या र्युक्यू विद्यापीठातील प्राध्यापक तेरुओ हिगा यांनी दुग्धाम्ल जिवाणू, यीस्ट आणि प्रकाशसंश्लेषी जिवाणू यांचे एक मिश्रण प्रचारात आणले आणि ते कोंड्यात रुजवून ओल्या कचऱ्यावर शिंपडण्याची रीत पुढे जगभर गेली. हे कुजणे नव्हे. हे घरच्या लोणच्यासारखे आहे. कचरा दाबून बसवून झाकण घट्ट लावले म्हणजे दुग्धाम्लाने तो आंबट होतो, तापत नाही, सडत नाही आणि त्यातील कर्बाचा फारसा नाशही होत नाही. दर दोन-तीन दिवसांनी तळाचा द्रव काढून घ्यावा, शंभरपट पाण्यात मिसळून तो झाडांना द्यावा, आणि दोन आठवड्यांनी आंबट झालेला लगदा मातीत गाडून आणखी दोन आठवडे थांबून मगच रोप लावावे. ही मुदत न पाळल्यास आम्लाने मुळे भाजतात.

उर्से गावाच्या दृष्टीने या पद्धतीचे आकर्षण असे की, तिला लागणारे दोन्ही पदार्थ हाकेच्या अंतरावर आहेत: भाताच्या गिरण्यांतील कोंडा, आणि त्यात जिवाणू रुजविण्यास लागणारी कासारसाई-दारुंब्रे येथील श्रीसंत तुकाराम सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील मळी. त्याच कारखानदारीतून उसाच्या वजनाच्या तीन-चार टक्के प्रेसमड निघतो, आणि तो कुजवून शेतात घालण्याची चाल ऊसकऱ्यांत आहेच. परंतु कोंडा हे जनावरांचे खाद्यही आहे. एक-दोन म्हशी बाळगणाऱ्याने तो खतात घालावा असा सल्ला मी देणार नाही. त्याने तो म्हशीला द्यावा आणि तिचे शेण-मूत्र राखावे, हेच हिशेबाला धरून होईल. बोकाशीचे खरे क्षेत्र म्हणजे लोणावळ्याची हॉटेले, खानावळी आणि वसतिगृहे, जेथे शिजलेले अन्न रोज टाकून द्यावे लागते.

येथे एक सावधगिरीची सूचना अवश्य केली पाहिजे. आंबविलेल्या द्रवांविषयी आपल्याकडे भक्तिभावाने बोलण्याची प्रवृत्ती बळावत चालली आहे. अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांनी लोकप्रिय केलेल्या जीवामृताची कृती सर्वांस ठाऊक आहे: दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ व बेसन आणि बांधावरची मूठभर माती, हे दोन दिवस आंबवून एकरभर शेताला द्यावयाचे. गुळामुळे जिवाणू झपाट्याने वाढतात हे निर्विवाद. परंतु एक टन भात पिकताना मातीतून पंधरा ते वीस किलो नत्र उचलला जातो, आणि दहा किलो शेणात नत्र असतो तो काही तोळे, मूत्र-बेसन धरूनही पाव-अर्ध्या किलोच्या आतबाहेर. अर्थात जीवामृत हे मातीला दिलेले विरजण फार तर म्हणता येईल. अन्न ते नव्हे, आणि आच्छादन किंवा खत यांची जोड नसेल तर त्याच्यावर विसंबून राहणे म्हणजे मातीची उपासमार होय. झ्यूरिखजवळ २००३ ते २००६ अशी चार वर्षे हिगांच्या जिवाणूमिश्रणाची जी परीक्षा झाली, तीतही पिकाला जो लाभ झाला तो जिवंत जंतूंचा नसून कोंड्यातील पोषक द्रव्यांचा होता, असाच निष्कर्ष निघाला. यात या पद्धतींची निंदा नाही. द्रव्य किती पडले हा प्रश्न कोणत्याही जंतूने मिटत नाही, एवढेच त्यातून दिसते.

आणि द्रव्य तर शहरात पडून आहे. द्रुतगती मार्गाच्या एका टोकाला पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या बाजूला लोणावळा-खंडाळा, आणि मध्ये ज्यांच्या तांदळाने ही शहरे जेवतात ती गावे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मोठ्या प्रमाणावर कचरा निर्माण करणाऱ्यांवर ओला-सुका वेगळा करण्याची आणि ओल्याची शक्यतो जागच्या जागी विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टाकली होती. राज्य शासनाने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ या नावाने नगरपालिकांच्या खताला मुद्राही दिली आहे. तरीही मावळातील शेतकरी शहरी खताकडे संशयाने पाहतो, आणि त्याचा संशय निराधार नाही. काचेचे तुकडे, औषधांची पाकिटे, घड्याळांचे सेल आणि प्लॅस्टिकचे चिंधोटे एकदा खाचरात गेले की चिखलणीच्या वेळी ते अनवाणी पायांना लागतात आणि पिढ्यान्‌पिढ्या निघत नाहीत. खत नियंत्रण आदेशाने शहरी कंपोस्टातील शिशाला किलोमागे शंभर मिलिग्रॅमची आणि कॅडमियमला पाच मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. ही मर्यादा पाळल्याचा दाखला शेतकऱ्याने खताच्या प्रत्येक खेपेबरोबर निःसंकोच मागावा. तळेगावच्या हरितगृहांतील गुलाबांच्या छाटणीबाबतही हेच: फुलांवर औषधांची फवारणी वारंवार होते, म्हणून ती छाटणी नाडेप टाक्यात चार महिने नीट कुजविल्याखेरीज भातात घालू नये. शिवाय कच्चे सेंद्रिय द्रव्य पाण्याने भरलेल्या खाचरात गाडले तर त्यातून मिथेनही अधिक सुटतो. पूर्ण कुजलेल्या खतातून तो पुष्कळच कमी निघतो.

वाहतूक हा यातला सर्वांत नीरस, पण निर्णायक मुद्दा आहे. तीन टन खत शेतावर नेऊन पसरण्याची मजुरी आणि एका गोणी युरियाची किंमत यांची तुलना केली म्हणजे शेतकरी गोणीकडे का वळतो हे कोणालाही कळेल. हॉटेलवाल्याने किंवा गृहसंस्थेने कचरा वाहून नेण्यासाठी ठेकेदाराला जे द्यावे लागते, त्याचा हिस्सा वर्गीकरण केलेला, आंबवलेला माल शेताच्या बांधावर पोहोचविण्यासाठी खर्ची पडावा, अशी तजवीज नगरपरिषद आणि ग्रामपंचायत यांनी मिळून केली, तर उर्से पंचक्रोशीत ती अशक्य नाही. अंतर थोडे, रस्ता उत्तम, आणि गाड्या रिकाम्या परतत असतात.

तोवर जे घरचे आहे ते तरी वाया जाऊ नये. भातशेतीसाठी डॉ. ना. कृ. सावंत यांनी जी ‘चारसूत्री’ मांडली, तिच्यातील पहिली दोन सूत्रे या सर्व चर्चेचे सार शेतकऱ्याच्या भाषेत सांगतात: भाताचा पेंढा पहिल्या नांगरटीच्या वेळीच, हेक्टरी दोन टनांप्रमाणे, शेतात परत जाऊ द्यावा आणि तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळावी, म्हणजे पालाश आणि सिलिका रोपाला राब न भाजताही मिळतात; आणि बांधांवर गिरिपुष्पाची झाडे लावून त्यांचा कोवळा पाला, हेक्टरी तीन टन, आवणीच्या आठवडाभर आधी चिखलात तुडवावा. उन्हाळ्यात गाडलेल्या पेंढ्याला कुजावयास पावसापर्यंतची सवड मिळते, आणि गिरिपुष्पाचा पाला आठ दिवसांत त्या चिखलात आंबून जातो. ज्याच्या वरकसावर राबासाठी कवळ तोडली जाते, त्याने एका उन्हाळ्यात निम्म्या रोपवाटिकेला राब आणि निम्म्या वाटिकेला नाडेप टाक्यातले खत व तुसाची राख देऊन पाहावी, आणि दोन्हीकडची रोपे आषाढात शेजारी शेजारी लावून, पोटरीत आल्यावर त्यांची पाती, फुटवे आणि खालची माती स्वतः मोजून पाहावी.